रोहिदास कडवची खाऱ्या पाण्याची टाकी

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी रोहिदास कडवला कंपनीने शाल आणि नारळ दिला. खालापूर तालुक्यातलं ते एक शीतगृह. मटार, आइस्क्रीम, कोळंबी असा माल तिथे गोठवून ठेवतात, आणि तो गारठा तयार करणारी अमोनियाची यंत्रं रोहिदास चालवायचा. जानेवारीत एका व्हॉल्व्हमधून अमोनिया गळला होता. रोहिदासने प्रसंगावधान राखून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, माणसं बाहेर काढली, म्हणून पुढचं टळलं, असं मॅनेजरसाहेबांनी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. रोहिदास खाली मान घालून उभा राहिला. लोकांना वाटलं, माणूस लाजतोय.

खरी गोष्ट अशी होती की गळती सुरू झाली तेव्हा रोहिदास त्या व्हॉल्व्हच्या जवळच खुर्ची टाकून बसला होता आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. मालाच्या धक्क्यावरून कोंडाजी धावत आला. कोंडाजी म्हणजे रोहिदासच्या बायकोचा थोरला भाऊ. मूळचा कशेळ्याचा, कामासाठी शिळफाट्याला खोली घेऊन राहणारा. त्याने नाकावर गमछा धरला होता.

"भावजी, अमोनिया येतोय. तुमाला वास नाय आला?"

"आला ना. तेच बघतोय," रोहिदास म्हणाला आणि उठला.

तोवर पॅकिंगमधल्या एका बाईला खोकल्याची अशी उबळ लागली होती की तिला गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी ती घरी गेली. पण रोहिदासच्या कानातून तो खोकला गेला नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातले सगळेच आजारी पडले होते. सगळ्यांचीच चव आणि वास गेला. बायको हर्षलाचा लवकर परत आला, मुलगी समिधाचाही आला. रोहिदासचा आला नाही. येईल, येईल म्हणत महिने गेले, मग वर्षं गेली. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. ज्या कामात वास हीच पहिली सूचना, त्या कामावरच्या माणसाने ती सांगायची कशी? त्याने मनाची समजूत घातली होती, की अमोनिया काही नुसता नाकाला कळत नाही, डोळ्यांनाही झोंबतो. भिंतीवर सेन्सरही होता. पावसाळ्यात तो उगाचच वाजायचा म्हणून कोणीतरी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता, एवढंच.

घरी मात्र त्याचा हळूहळू दगड होत गेला. हर्षलाने पानगी केली काय नि सुकटीचं कालवण केलं काय, तो मान खाली घालून जेवायचा आणि उठायचा. पूर्वी हा माणूस फाटकातूनच ओरडायचा, "आज बोंबील हायत वाटतं." आता विचारलं तर "चांगलं झालंय" म्हणायचा, आणि ते बिघडलेल्या भाजीलाही म्हणायचा. एकदा मीठ घालायचं राहिलं, तरी चांगलं झालंय म्हणाला. नवऱ्याचा आपल्यावरचा जीव उडाला, असं हर्षलाने मनात धरलं. विचारण्याइतकं तिला धाडस झालं नाही, आणि सांगण्याइतकं त्याला.

शाल मिळाल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. सुट्टीच्या दिवशी कंपनीचं काम आहे सांगून तो पनवेलला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. "इतक्या वर्षांनी परत येईल असं वाटत नाही," ते म्हणाले. "घरात सांगून ठेवा. सिलिंडर असतो, दूध उतू जातं. काम काय करता?"

"दुकान हाय," रोहिदास म्हणाला.

बाहेर येऊन तो बाकावर बसला. समोर भिंतीला लागून काचेची मोठी टाकी होती. निळसर उजेडात दगडांवर जांभळे, हिरवे, नारिंगी गुच्छ हलत होते. आधी त्याला ती प्लास्टिकची फुलं वाटली. मग त्यातला एक गुच्छ मिटला आणि हळूहळू परत उमलला. तो जिवंत प्रवाळ होता. रोहिदास उठून काचेजवळ गेला. किती वेळ उभा राहिला, त्याला कळलं नाही. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "काका, पुढची तारीख हवी आहे का?" त्याने त्याऐवजी टाकी कोणी बसवली ते विचारून घेतलं.

एप्रिलमध्ये कर्जतजवळच्या दहिवलीतल्या त्याच्या घरात टीव्हीच्या जागी टाकी आली. टीव्ही कोपऱ्यात स्टुलावर गेला. कुर्ल्याच्या दुकानदाराने सगळं समजावून सांगितलं होतं. समुद्राचं पाणी आणायचं नाही, फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात खास मीठ कालवायचं. फेस काढणारं यंत्र, पाणी फिरवणारे पंप, निळे दिवे. कर्जतच्या उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वरून पंखे. आणि सच्छिद्र दगड, ज्यांना जिवंत दगड म्हणतात, कारण त्यांच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात.

शेजारपाजारचे बघून गेले. हर्षलाला प्रत्येकाला उत्तर द्यावं लागे.

"मासे कुठं हायत?"

"येतील म्हणतात."

"मग आता नुसतं पाणी आन धोंडे बघता?"

मासे नव्हते, कारण टाकी आधी पिकावी लागते. पाण्यात थोडं कुजलं की अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. दगडातले जिवाणू वाढत जातात आणि तो खाऊन टाकतात, त्याला काही आठवडे लागतात. तोवर थांबायचं. दुकानदाराने तपासणीची पेटी दिली होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा असला तर पाणी स्वच्छ, हिरवा आला तर अमोनिया.

पहिल्यांदा नळीतलं पाणी हिरवं झालं तेव्हा रोहिदास ती उजेडाला धरून बसून राहिला. ज्याचा वास त्याच्यापासून हरवला होता, तो त्याला इथे डोळ्यांनी दिसत होता. पुढे रोज कामावरून आला की हातपाय न धुता तो आधी नळी भरायचा. हिरवा फिका होत गेला. जूनमध्ये एका सकाळी तो स्वच्छ पिवळा आला. रोहिदासने समिधाला हाक मारून दाखवला. तिचे बारावीचे क्लास सुरू झाले होते, ती दप्तर खांद्याला लावूनच उभी होती.

"पप्पा, तुमी हसताय," ती म्हणाली.

जुलैत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आले. मग शंखातल्या गोगलगायी, मग बटणांसारखे हिरवे प्रवाळ. हर्षलासुद्धा भाजी निवडायला टाकीसमोर बसू लागली. नवरा तिच्याशी बोलत नसला तरी टाकीबद्दल बोलत होता, आणि तिने तेवढ्यावर भागवलं. रोहिदासच्या मनात मात्र दुसरंच काही रुजत होतं. आपण अमोनिया सांभाळू शकतो, नाकावाचूनही सांभाळू शकतो, असं त्याला वाटू लागलं. जानेवारीतली गोष्ट त्याच्या मनात मागे पडत चालली. मॅनेजरांनी त्याला नव्या ऑपरेटरांना शिकवायला सांगितलं, तर तो हो म्हणाला.

गणपतीनंतर त्याने समुद्रफूल आणलं. नाव फुलाचं, पण तो दगडाला चिकटून राहणारा जिवंत प्राणी. जोकर मासे त्याच्या बोटांसारख्या हातांत घर करतात. दुकानदाराने सांगितलं होतं, टाकी अजून कोवळी आहे, वर्ष जाऊ द्या. रोहिदासला धीर नव्हता. समुद्रफूल पहिल्या दिवशी छान पसरलं, मासे त्यात शिरले. मग ते जागा सोडून सरकत दगडांच्या मागे गेलं आणि दिसेनासं झालं. सरकतं ते, हे त्याने वाचलं होतं. येईल पुढे, म्हणून त्याने सोडून दिलं.

पितृपक्षात हर्षला समिधाला घेऊन कशेळ्याला गेली. तिच्या वडिलांचा म्हाळ होता आणि वहिनी जनाची कंबर धरली होती, त्यामुळे ती चार दिवस मदतीला राहिली. इकडे रोहिदासला जोडून पाळ्या आल्या. त्यात वादळी पाऊस होऊन दहिवलीची वीज गेली आणि इन्व्हर्टर संपून पंप थांबले. तो घरी आला तेव्हा वीज आली होती, पंप चालू होते. पाणी थोडं पांढुरकं दिसलं. वीज गेल्यामुळे असेल, असं म्हणून तो झोपला.

हर्षला आणि समिधा जीपने कर्जतला उतरून रिक्षाने घरी आल्या. फाटक उघडलं आणि समिधाने ओढणी नाकाला लावली.

"आई, काय मेलंय?"

हर्षलाला वाटलं, पडवीत उंदीर मेला असेल. तिने दार ढकललं आणि आतून जो भपका आला त्याने तिला उलटी येता येता राहिली. समोर खुर्चीवर रोहिदास बसला होता. चहात खारी बुडवून खात होता. खिडक्या बंद होत्या. टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं, आणि त्या पाण्यावर एक जोकर मासा आडवा तरंगत होता.

"आलात?" तो म्हणाला. "पाणी जरा गढूळ झालंय. आज बदलतो."

हर्षलाने पिशवी खाली ठेवली आणि खिडक्या उघडल्या. समिधाला तिने शेजारी पाठवलं. मग बाही मागे सारून टाकीत हात घातला आणि दगडामागून ते समुद्रफूल ओढून काढलं. त्याचा नुसता लगदा उरला होता, हातात धरवत नव्हता. तिने तो फडक्यात घेतला आणि रोहिदासच्या तोंडासमोर धरला. त्याने मान मागे घेतली नाही. नुसतं बघत राहिला.

"खराब झालंय का?" त्याने विचारलं.

हर्षला ते फडकं बाहेर नेऊन टाकून आली. हात साबणाने परत परत धुतले. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुमाला वास येत नाय," ती म्हणाली.

त्याने हातातली खारी बशीत ठेवली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. करोनापासून."

"आन चव?"

"गोड, तिखट कळतं. बाकी नाय."

हर्षला ओले हात पदराला पुसत राहिली. एवढी वर्षं तिने मनात जे साठवलं होतं ते सगळं चुकीचं निघालं होतं, आणि तरी तिला बरं वाटत नव्हतं. "मला वाटलं, मी नकोशी झाले," ती शेवटी म्हणाली.

"नाय गं."

"मग सांगितलं का नाय? मी काय गावभर ओरडले असते?" मग एकदम तिचा चेहरा बदलला. "कंपनीत ठाऊक हाय?"

"नाय."

"जानेवारीत गळला तेव्हा?"

रोहिदासने कप खाली ठेवला. "मला कळलंच नव्हतं. दादा आला म्हणून कळलं."

"आन ती शाल?"

"घेतली," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर देत होते. काय करू?"

टाकीतला फेस काढणारा पंप गुरगुरत होता. हर्षलाने उठून त्याची पिन काढली. "माझा भाऊ तिथं काम करतो," ती म्हणाली. "रोज. त्या भिंतीच्या पलीकडं. तुमी बसलाय म्हणून तो बिनघोर असतो."

"डोळ्याला झोंबलं की कळतं मला."

"तुमच्या डोळ्याला झोंबेपर्यंत त्या पॅकिंगच्या बायकांनी काय करायचं?"

समिधाचं पुढच्या वर्षी कॉलेज, हे काम गेलं तर या वयात दुसरं कोण देणार, असं तो काहीबाही बोलत राहिला. दिवाळीपर्यंत थांबू, म्हणाला. सेन्सर दुरुस्त करून घेतो, म्हणाला. हर्षलाने ऐकून घेतलं.

"तुमी सांगा, नायतर मी दादाला सांगते," ती म्हणाली. "भांडायचं म्हणून नाय. मला झोप लागायची नाय."

ती संध्याकाळ दोघांनी टाकी रिकामी करण्यात घालवली. बादल्या भरभरून पाणी मोरीत ओतलं. दुसरा जोकर मासा आणि गोगलगायीही गेल्या होत्या. बटणांसारखे प्रवाळ मिटून काळसर पडले होते. ते जगतील की नाही हे सांगता येत नव्हतं, म्हणून रोहिदासने एका बादलीत ताजं खारं पाणी कालवून ते दगड त्यात ठेवले. मासे त्याने मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरले. परत येऊन तो पायरीवर बसला आणि रडला. हर्षला त्याच्या शेजारी बसली, पण तिने त्याची समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधीच तो मॅनेजरच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅनेजर पहिल्यांदा हसले, त्यांना ते खरं वाटलं नाही. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"कळतंय साहेब. म्हणून आलो."

"आता आलात."

त्याला लगेच यंत्रघरातून काढलं आणि घरी पाठवलं. चौकशी झाली, वैद्यकीय तपासणी झाली. सेन्सरचा आवाज कोणी बंद केला याचीही चौकशी झाली आणि दोघातिघांवर ठपका आला. त्यांनी तो राग रोहिदासवर काढला. नवरात्र संपता संपता त्याला परत बोलावणं आलं, पण गेटवर. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचं वजन घ्यायचं काम, पगार आधीपेक्षा कमी. जी पोरं त्याच्याकडून काम शिकली होती ती आता गाडीतून मान बाहेर न काढता पुढे जात. जिला जानेवारीत दवाखान्यात न्यावं लागलं होतं ती बाई मात्र एकदा वजनकाट्याच्या खिडकीशी थांबली. तिचं नाव भागी. रोहिदास उठून उभा राहिला.

"तुमाला खरंच कळलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाय."

"मला अजून जिना चढताना दम लागतो," ती म्हणाली आणि आत गेली. त्यात शिवी नव्हती. रोहिदासला शिवी चालली असती.

कोंडाजीने बोलणंच टाकलं. हर्षलाचा फोन तो घ्यायचा, तिची विचारपूस करायचा, पण भावजींचं नाव निघालं की गाडी आलीय म्हणून ठेवून द्यायचा. गेटमधून रोज जाताना तो दुसऱ्या बाजूने जायचा.

बादलीतल्या दगडांवरची काही बटणं एका सकाळी उघडलेली दिसली. सगळी नाही, एका कडेची तेवढी. रोहिदासने टाकी धुऊन पुन्हा पाणी भरलं. नळी, थेंब, पुन्हा हिरवा. या वेळी घाई नव्हती. हर्षला सकाळी झाडून झालं की टाकीवर वाकायची आणि नाक लावून बघायची.

"आज कसा हाय?"

"पावसानंतर खाडीवर येतो तसा. घाण नाय."

त्याला तो वास आठवायचा प्रयत्न करावा लागे. कधी आठवे, कधी नाही. जेवताना तीही आता सांगू लागली होती, कोथिंबीर जास्त पडलीय, लसूण जरा करपलाय. कधी ती सांगायची विसरे आणि तोही विचारत नसे. वर्षानुवर्षांची गप्प बसायची सवय एकदम जात नाही. भांडणंही व्हायची. एकदा हर्षला म्हणाली, "तुमी मला सांगितलं असतं तर भागीच्या छातीचं असं झालं नसतं," आणि त्यावर तो दोन दिवस धड जेवला नाही.

भाऊबीजेला कोंडाजी दहिवलीला आला नाही. दरवर्षी तो यायचा. दुपारपर्यंत वाट बघून हर्षलाने ताट झाकलं आणि म्हणाली, "मीच जाते. बहिणीने गेलं तर चालतं." समिधाला ताप होता, ती शेजारच्या काकूंकडे राहिली. रोहिदासने मोटारसायकल काढली.

कशेळ्याला वळणानंतर दोन्ही बाजूंना भात उभा होता, काही ठिकाणी कापून आडवा पडला होता. कोंडाजीच्या घरासमोर हर्षला उतरली आणि आत गेली. रोहिदास गाडीला टेकून बाहेरच उभा राहिला. आतून निरांजनाचा उजेड दिसला, बोलणं ऐकू आलं. कोंडाजीची बायको जना कमरेवर हात ठेवून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "आत या की," म्हणाली. "बरं हाय इथं, वहिनी," तो म्हणाला. ती तांब्या ठेवून गेली.

बऱ्याच वेळाने कोंडाजी दारात आला. कपाळाला ओलं कुंकू होतं. तो रोहिदासकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिला.

"बाहेर कशाला उभे?" तो म्हणाला. "येणारेजाणारे बघतात."

रोहिदास आत गेला. त्याला कोंडाजीच्या शेजारीच पाट मांडला होता. जेवताना कोंडाजी या वर्षीच्या भाताबद्दल बोलला. लोंबी भरलीय पण पाऊस लांबल्याने कापणी अडली, मजूर मिळत नाहीत, डुकरांनी खालच्या बांधाकडचं निम्मं तुडवलं. रोहिदास ऐकत होता आणि मधून मधून "हो" म्हणत होता. कंपनीचं नाव निघालं नाही.

परत येताना रस्त्यात अंधार पडायला आला होता. बऱ्याच अंतरावर आल्यावर हर्षलाने मागून विचारलं, "बोलला ना दादा?"

"भाताचं बोलला."

हर्षलाने पदर डोक्यावरून घट्ट घेतला. "खालच्या बांधाकडची कापणी रविवारी हाय म्हणे," ती म्हणाली. "त्याला माणसं हवीत."

रोहिदासने गाडीचा वेग कमी केला. मग गाडी खड्ड्यातून सांभाळून काढत तो म्हणाला, "इळा हाय का गं आपल्याकडं?"